करकर फक्त ऐकण्यात

लॅपटॉपखाली दोन वाट्या उपड्या घातल्या की त्याला जरा वारा लागतो, हे तिला अनुभवाने कळलं होतं. नवऱ्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप तो. त्यावर ती लहान मुलांच्या ध्वनिमुद्रित गोष्टींना संगीत करून द्यायची, तेही टिल्ली झोपेल तेवढ्याच वेळात. टिल्ली आठ महिन्यांची, आणि झोप अशी की शेजारच्या घरात चमचा पडला तरी हिचे डोळे टक्क उघडे.

चार वाद्यांपर्यंत लॅपटॉप निमूट चालायचा. पाचवं चढवलं की पंखा घरघरायला लागायचा, पडद्याच्या कोपऱ्यातली, मशीनवरचा ताण दाखवणारी पट्टी लाल व्हायची आणि हेडफोनमध्ये करकर सुरू. ओल्या लाकडाने कसाबसा पेट घ्यावा तशी. पण तिला त्याची धास्ती नव्हती. ही करकर फक्त ऐकण्यात असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळी वाद्यं एका दमात वाजवताना मशीन धापा टाकतं; पण शेवटी सावकाश एकत्र करून बाहेर काढलं की गाणं निघतं ते लख्ख. तीन वर्षांत एकदाही दगाफटका झाला नव्हता.

म्हणून त्या मंगळवारी दुपारी तिने बाबांना निर्धास्तपणे कपाटात बसवलं.

कपाटात म्हणजे खरोखरच कपाटात. कपडे बाजूला सारून, आत गोधड्या टांगून, पुढ्यात माईक. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून.

"चाळीस वर्षं मैदानावर काढली," बाबा म्हणाले, "आणि शेवटी पोरीने कपाटात कोंडलं."

बाबा शाळेत पीटीचे मास्तर होते. शिट्टी गळ्यात असायची, पण ती फुंकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. मैदानाच्या या टोकाला "सावधान" म्हटलं की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. आता त्याच गळ्यात गाठ होती. गुरुवारी ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

त्यांच्याजवळ एकच गाणं होतं. ती लहान असताना त्यांनीच जुळवलेलं, कवायतीच्या चालीवरचं:

"हात सैल, पाय सैल, मान सैल कर,
पळून पळून दमलीस राणी, आता विश्राम कर."

पुढे अशीच सहा कडवी. तिसऱ्या कडव्यात गुडघ्याची माती झाडायची, पाचव्यात बुटांच्या नाड्या सोडायच्या. या गाण्याने ती झोपली, आणि आता टिल्लीही झोपायची. आजोबांचा चेहरा टिल्ली रोज बघेल, आवाज मात्र तिला आठवणार नाही. हे गाणं तिला आजोबांच्या आवाजात ऐकता यावं, एवढंच तिला हवं होतं.

त्यासाठी ती आठवडाभर राबली होती. व्हायोलिनं, बासरी, लांबून येणारा ढोल, सगळी मिळून चौदा वाद्यं. बाबांचा आवाज उघडाबोडका ठेवायचा? छे!

"मोबाईलवरपण एकदा घेऊन ठेव ना," सकाळी नवरा म्हणाला होता.

"बाबांचा आवाज आहे तो. दुकानदाराची पावती नाही, मोबाईलवर फोटो काढून ठेवायला."

हेडफोनमध्ये चौदा वाद्यं वाजत होती, त्यांच्याबरोबर बाबा गायला लागले. आवाज घोगरा झाला होता, पण ताल जागचा हलला नव्हता. दुसऱ्या कडव्यात ते थांबले.

"अगं, कानात काहीतरी तुटतंय."

"ते फक्त ऐकण्यात, बाबा. रेकॉर्डिंगमध्ये नाही येत. तुम्ही गा."

"नक्की?"

"माझं कामच आहे ना हे? गा तुम्ही."

"बरं बाई, तू मास्तरीण," म्हणून ते पुन्हा गायले. तीनदा गायले. तिसऱ्यांदा संपवलं तेव्हा खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबेना. "पुरे आता," ती म्हणाली. पडद्यावरची पट्टी पूर्ण वेळ लालच होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. नंतरचे दहा-बारा दिवस दवाखाना, डबे, टिल्लीचा ताप यातच गेले. मग एका दुपारी, टिल्ली झोपल्यावर, तिने वाट्यांवर लॅपटॉप ठेवला आणि गाणं बाहेर काढलं.

"हात सै... पाय सैल, मा... सैल कर."

तिने पुन्हा ऐकलं. मग वाद्यं एकेक करून बंद केली. चौदाही. नुसता आवाज उरला आणि भोकं अधिकच स्पष्ट झाली. गोष्टींचे आवाज तिच्याकडे आधीच टिपलेले यायचे; चौदा वाद्यं वाजवता वाजवता आवाज टिपूनही घ्यायचं त्या जुन्या मशीनला झेपलं नव्हतं. जिथे दम पुरला नाही तिथे त्याने बाबांचे शब्द गिळले होते. तिन्ही वेळा. एका खेपेतला तुकडा दुसरीत जोडावा तर तिथेही खिंडार. तिसरं कडवं तर कुठेच धड नव्हतं.

नुसता आवाज घेतला असता तर काहीही झालं नसतं. सजवायला गेले आणि... तिला पुढचं मनातही म्हणवेना. गोधडीत तोंड खुपसून ती रडली. आवाज न करता, टिल्ली उठू नये म्हणून.

बाबांपासून लपवायचं तिने दोन दिवस ठरवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं. त्यांच्या गळ्यावर पट्टी होती, मांडीवर वही.

त्यांनी लिहिलं, "ऐकव."

डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. जिथे शब्द नव्हते तिथेही ते चुकलं नाही. मग वही ओढून त्यांनी लिहिलं, "अकरा शब्द गैरहजर. मी म्हणालो होतो, तुटतंय."

"हो बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली अजून एक ओळ लिहिली, "रिकाम्या जागी तू म्हण. शब्द तुला पाठ आहेत."

तिने टिल्लीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि गाणं पुन्हा लावलं. जिथे आवाज तुटे तिथे ती म्हणू लागली. पण भोक आल्याचं कळून तोंड उघडेपर्यंत ते निघून जाई. दर वेळी तिचा शब्द उशिरा पोचत होता, बाबांच्या पुढच्या शब्दावर आदळत होता.

टिल्लीने आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग आईकडे. शेवटी मान वर करून आजोबांकडे. तेही म्हणत होते. ओठ हलत होते, नेहमीसारखेच. टिल्लीने हात उचलून त्यांच्या ओठांवर ठेवला आणि गाणं संपलं तरी काढला नाही.

ती झोपली नाही. त्या तोंडातून आवाज येण्याची वाट बघत राहिली.