लाल बाटली

तिने झाकण फिरवलं आणि बाटलीतलं सगळं ब्लीचच्या भांड्यात ओतून दिलं. एक गेली. मागोमाग दुसरी.

लाल होत्या ना. मग?

उंदरांचे भ्रूण आईच्या पोटातून काढून इथे प्रयोगशाळेत, बाटलीतल्या पोषक द्रवात वाढवत. जिवंत असले की ते अधाशासारखी साखर खात, ती अर्धवट जाळत आणि उरलेलं आम्ल बाहेर टाकत. मग लाल द्रव पिवळा पडे. पिवळा पडला नाही, तर आत खाणारं कुणी उरलं नाही असं समजायचं. हे तिला मॅडमनी शिकवलं होतं आणि मॅडमना त्यांच्या मॅडमनी. लाल बाटली निरखत बसायचं नाही. ओतायची, हात धुऊन मोकळं व्हायचं.

या वेळचे भ्रूण नेहमीपेक्षा वाढलेले होते. एवढे मोठे बाटलीत तगत नाहीत, असं सगळे म्हणत. प्राणवायू वाढवला तर तगतील, असा तिचा हट्ट. सकाळी मॅडम दारातूनच म्हणाल्या होत्या,

"हे शेवटचे हं. आता गेले तर तुझा विषय बंद. मी तरी किती वेळा वर जाऊन भांडू?"

"हो मॅडम."

"रात्री झोपलीस का?"

"झोपले की. उभ्या उभ्या."

तिसरी बाटली उचलली आणि फोन वाजला. सासूबाई. बाळ दिवसभर त्यांच्याकडे असे.

"अगं, बोक्या दूध घेत नाहीये."

"ताप आहे का?"

"छे. बाटली दिसली की तोंड फिरवतो. तू काढून ठेवलेलं सगळं फ्रिजमध्ये तसंच आहे."

"म्हणजे सकाळपासून उपाशी?"

"उपाशी कसला! माझ्या ताटातला बटाटा हाणला, वर अर्धं अंडं. आणि माझं बोट चावला ते वेगळंच."

फोन खांद्यात धरून ती स्टुलावर टेकली. छाती भरून ठणकत होती. मघाशीच सामानाच्या खोलीत जाऊन दूध काढायला हवं होतं, पण उठायचं त्राण नव्हतं. डोळे कुठेतरी ठेवायचे म्हणून तिने हातातल्या बाटलीवर ठेवले.

तळाशी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी.

त्यात लाल ठिपका.

मिटला.

उघडला.

"ऐकतेयस ना गं?"

"आई, थांबा. थांबा जरा."

फोन खांद्यावरून सुटून मांडीवर पडला. ठिपका पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. हृदय चालू होतं, अगदी बिनघोर. ती बघत राहिली. खात होते की हे. पण आता साखर अर्धवट जाळून फेकत नव्हते, पुरती जाळत होते. आम्लच नाही, तर पिवळं कुठून होणार?

मोठे झाले होते, एवढंच.

मॅडम आल्या. सूक्ष्मदर्शकावर वाकून त्यांनी ठिपक्याचे ठोके मोजले.

"बाकीच्या?"

तिने हनुवटीने ब्लीचच्या भांड्याकडे खूण केली.

मॅडमनी मान वर केली नाही. "मी तरी किती ओतल्या असतील," त्या भिंगाशीच बोलल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "विषय चालू. नवे मागव. आणि आता घरी जा, तुझ्याकडे बघवत नाही."

घरी बोक्या तिच्या मांडीत आला. तिने पदराखाली घेतलं तसा तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळला, खुदकन हसला आणि खाली घसरून आजीच्या ताटाकडे रांगत सुटला.

"सोडलं गं त्याने," सासूबाई म्हणाल्या. "बरंच झालं. तुझीही ओढाताण संपली. ते फ्रिजमधलं ओतून टाक आता, उगाच वास मारेल."

"हो आई."

तिने एक बाटली काढली. मोरीशी जाऊन झाकण फिरवलं. सवयीने बाटली दिव्यासमोर धरली. पांढरंशुभ्र. आरपार काही दिसत नव्हतं.

मागे चमचा ताटावर आपटत होता. आजी आणि नातू कशावरून तरी भांडत होते.

तिने झाकण घट्ट लावलं आणि बाटली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली, अगदी मागे.