आकड्यांचा रकाना

धाकट्या जावयाला कुणाला काही विचारायचं म्हणजे जणू कमीपणा वाटायचा. सासरी आला की खुर्च्या हलवायचा, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावायचा आणि वर "आता बघा कसं छान दिसतंय" असं आपणच सांगून मोकळा व्हायचा. थोरल्या बाईंनी इतके दिवस तोंडात गुळणी धरली होती. लेकीचा नवरा, बोलायचं तरी कसं? पण आता स्वारी त्यांच्या दुकानात शिरली होती.

दुकान जोड्यांचं. तयार जोड्यात ज्यांचा पाय मावत नाही ती माणसं इथे यायची. कुणाचा पंजा वाकडा, कुणाचा घोटा फिरलेला. बाई पाय कागदावर ठेवून घ्यायच्या, भोवती पेन्सिल फिरवायच्या आणि शेजारी वेड्यावाकड्या अक्षरात खोड लिहायच्या. शाळा दोन इयत्तांची, पण ते अक्षर वाचून कारागीर तीस वर्षं जोडे शिवत होता.

बाई चामडं आणायला चार दिवस बाहेर काय गेल्या, जावयाने कागद बंद केले आणि स्वतः बनवलेलं ॲप घालून बाईंच्या सुनेच्या हातात फोन दिला. "मापं आता यात भरायची."

बाई परतल्या त्याच दुपारी एक नवी नर्स तिचे जोडे न्यायला आली. डावा पाय दोन बोटं आखूड. उद्यापासून तिला दवाखान्यात दिवसभर उभं राहायचं होतं. आठवडाभर पाहून मग ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. नवे जोडे घालून ती दोन पावलं चालली आणि टेबल धरून थांबली.

"दोन्ही टाचा सारख्याच आल्यात हो," ती हळूच म्हणाली.

बाईंनी जोडे उलटे करून पाहिले. पाहता पाहता त्यांचं कपाळ तापलं.

"मला फोनवर चोवीस आलं, मी चोवीस शिवलं," कारागीर म्हणाला.

सून रडकुंडीला आली. "आई, मी लिहायला गेले होते, डावी टाच दोन बोटं जाड म्हणून. पण अक्षरच उमटेना. नुसते आकडे. चोवीस टाकलं तर हिरवी खूण आली. मला वाटलं, बाकीचं फोनला कळलं असेल."

"बोलवा जावईबापूंना!" बाई कडाडल्या.

जावई हसतच आला, मागून लेक. "त्यात काय एवढं, आई? लोक रकान्यात वाट्टेल ते लिहितात. म्हणून फक्त आकड्यांचा कीबोर्ड ठेवला. तिसरा आकडा तर पडतच नाही. चुकलं की लाल, बरोबर असलं की हिरवं."

"बरोबर आहे हे कोण ठरवतं?"

"ॲप."

"त्याने हिचा पाय पाहिला होता?"

"आई, हळू जरा," लेक कुजबुजली.

"तू मध्ये पडू नकोस. आणि काय हो, माणसाला पाय दोन, मग रकाना एकच का?"

"दोन्ही सारखेच असतात की."

कारागिराचा हात जागीच थांबला.

"काढा बूट," बाई म्हणाल्या.

जावयाला वाटलं थट्टा आहे. बाईंचं तोंड पाहिलं आणि त्याने बूट काढले. बाईंनी दोन्ही पाय कागदावर उतरवले. उजवा अर्धं बोट लांब निघाला, करंगळीवर जुनं कुरूप.

"हे कधीपासून?"

"कॉलेजपासून. बूट चावतात."

"स्वतःचे पाय सुद्धा कधी पाहिले नाहीत!"

लेक फिसकन हसली. बाई वळल्या. डाव्या जोड्याची टाच त्यांनी स्वतः उसवली, चामड्याचे थर एकावर एक बसवले, खिळे ठोकले. प्रत्येक घावासरशी जावई दचकत होता. मग त्यांनी जोडा नर्सच्या पायात चढवला. पोर उभी राहिली, भिंतीपर्यंत जाऊन आली. टेबलाला हात लावला नाही.

तेव्हा बाई जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही हुशार आहात, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही उर्मट आहात. तुम्हाला जे ठाऊक नाही ते जगात नाहीच, असं धरून चालता. हिची नोकरी गेली असती, आणि तुमचा फोन हिरवाच राहिला असता. रकाने दोन करा, खाली लिहायला ऐसपैस जागा ठेवा, आणि काय लिहायचं ते माझ्या सुनेला विचारून करा. पण ते मागाहून. आधी या पोरीची माफी मागा, आणि मोठ्याने मागा."