ॲप्रनखालची रिकामी खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. रिकामी खुर्ची. पण ओढून बसू नका हं, उभ्यानेच ऐका. माझ्यावर शिकाऊ माणसाने बसायचं ठरलेलं आहे, फक्त तो माणूस अजून आलेला नाही.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला नकली पाय तयार करायचं वर्कशॉप आहे, तिथे मी राहते. सुताराने घडवतानाच माझा एक पाय आखूड ठेवला. दुसरीकडे असते तर जळणात गेले असते, पण इथे मावशीच्या हाती पडले. लहान मुलांच्या पायांचे साचे घेणारी आमची मावशी, हे काम जमणारी अख्ख्या वर्कशॉपमध्ये एकटीच. तिने माझ्या आखूड पायाला रबराचा बूट चढवला आणि म्हणाली, "झालं. उद्यापासून कामावर."

माझं काम मावशीच्या शेजारी उभं राहायचं. इथली पद्धतच तशी. जुना माणूस जायच्या आधी नव्याने शेजारी बसून शिकायचं. मूल रडतं, पाय आखडून घेतं, आणि ओलं प्लास्टर काही कोणासाठी थांबत नाही. हे सगळं कसं सांभाळायचं ते शेजारी बसूनच कळतं.

पण माझ्यावर बसायला कोणी येईना.

दरवर्षी मनुष्यबळ विभागाच्या मॅडम येतात, पुढे किती माणसं लागतील याचा अंदाज बांधायला. माणसं या खात्यातून त्या खात्यात फिरत असतात, म्हणून मॅडम बसायच्या जागाच मोजतात. एका वर्षी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्च्या उचलून नेल्या. आमच्याकडे सगळ्यांचं धाबं दणाणलं. पट्टे शिवणारे काका मोठे डोकेबाज! पुढच्या मोजणीला त्यांनी आपला जादा ॲप्रन माझ्या पाठीवर टाकला आणि वर जेवणाचा डबा ठेवला.

"इथे कोण बसतं?" मॅडमनी विचारलं.

"मावशीच्या हाताखालचा. चहाला गेलाय."

मी वाचले. काका दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होते. मग दरवर्षी तेच नाटक, आणि दरवर्षी वरून तेच उत्तर, की जागा भरलेल्या आहेत, नवा माणूस नको. ॲप्रनखाली माझा जीव गुदमरायचा. अरे शहाण्यांनो, मी रिकामी आहे हेच तर त्यांना सांगायचं होतं!

यंदा मावशीच्या निवृत्तीला चार महिने उरले. मोजणीच्या दिवशी काकांनी ॲप्रन उचलला, तसा मावशीने तो हिसकावून घेतला.

"पुरे झालं, काका. वर सगळ्यांना वाटतंय माझ्यामागे शिकलेला माणूस तयार आहे. आता साचे काय हा ॲप्रन घेणार?"

"अगं, खुर्ची नेतील ना!"

"बघतेच कशी नेतात."

मॅडम आल्या आणि माझ्यावर टेकायला लागल्या.

"बसू नका मॅडम. ती रिकामी आहे. पहिल्यापासून रिकामीच होती. चहाला कोणी गेलेलं नव्हतं."

काकांनी मान खाली घातली. मॅडमचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला फसवलंत?"

"फसवलं. शिक्षा आम्हाला करा, पोरांना नको."

मॅडमनी हातातल्या यादीतली एक ओळ खोडली. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जागा मागते."

"पुढच्या वर्षी मी घरी असेन. शिकवणार कोण, भिंत? माणूस आत्ता हवा."

दोन दिवसांनी हमाल मला न्यायला आले. मावशीने एक हात माझ्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हाताने साचा घासत राहिली. "वर जाऊन सांगा, आधी माणूस पाठवा, मग खुर्चीचं बोलू." काका तर दारातच उभे राहिले. हमाल हात हलवत परत गेले.

अजून उत्तर आलेलं नाही. हमाल पुन्हा येतील, येऊ देत. आता माझ्या अंगावर ॲप्रन नाही. दारातून येणाऱ्याला आधी मीच दिसते, आणि दिसलंच पाहिजे. मला रिकामी म्हणा, खुशाल म्हणा, पण फालतू म्हणाल तर ऐकून घेणार नाही. मावशी आहे तोवर कोणाला तरी इथे बसवा. तोवर मी हलत नाही. माझा एक पाय नकली आहे खरा, पण तो मावशीने बसवलेला आहे.