आवाजाची ओळख

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. थोरली लग्न होऊन गेली, तरी ही धाकटीच राहिली. शहरात आल्यावर मात्र त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. कॉलेजात ती हजेरीपटावरचा एकोणचाळिसावा नंबर होती. इव्हेंट मॅनेजमेंटच्या पदवीला तिला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता आणि तोवर वर्गातल्या चौकड्या, डबे खायचे कोपरे, बाकांवरच्या जागा, सगळं ठरून गेलं होतं. तिच्याशी कोणी वाईट वागलं नाही. कोणी वागलंच नाही म्हटलं तरी चालेल.

आणि शिकायचं काय, तर माणसं कशी जमवायची. दाराशी गर्दी झाली तर काय करायचं, पाहुणे रुसले तर कोणी सामोरं जायचं, वीज गेली तर पहिल्या दोन मिनिटांत काय बोलायचं, हे सगळं ती मन लावून लिहून घ्यायची. मग खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सरांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. प्रत्येकाने खराखुरा कार्यक्रम करायचा, पाहुणे किमान चाळीस. गट करून केला तरी चालेल, एकट्याने केला तरी चालेल. सर कमी बोलणारे होते. हॉटेलांत वीस वर्षं मेजवान्या सांभाळून शिकवायला आलेले, त्यामुळे उगाच कोणाची समजूत काढायची सवय त्यांना नव्हती. दहा मिनिटांत वर्गात गट पडले. कोणी फॅशन शो घेतला, कोणी गाण्यांची मैफल. धाकटी वहीत समास आखत बसली. सरांनी तिच्या नावापुढे ‘एकटी’ असं लिहिलं आणि पान उलटलं.

ती राहायची एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी, मागच्या खोलीत. बाई एकट्याच होत्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. धाकटी त्यांना मावशी म्हणायची. मावशींचा आवाज असा होता, की पाठ फिरवून ऐकलं तर तिशीची बाई बोलतेय असं वाटावं.

“चाळीस माणसं कुठून आणू मी?” धाकटीने एकदा भाजी निवडताना विचारलं. खरं तर ती स्वतःशीच बोलली होती.

मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली. “माझ्याकडे आहेत,” त्या म्हणाल्या. “पण एकीचंही तोंड मी पाहिलेलं नाही.”

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी परगावी फोन लावायचा तर या गावची ऑपरेटर त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, ती पुढच्या गावच्या. दिवसातून शंभरदा बोलणं व्हायचं. नाव विचारायची मुभा नव्हती, म्हणून गावावरून हाका पडायच्या. बंदरावरच्या एक्स्चेंजची ती बंदरवाली, कोळशाच्या खाणीजवळची खाणवाली, आणि मावशी जंक्शनवाली, कारण इथे चार रेल्वेलाइनी मिळतात. लाइन मोकळी असली की दोन मिनिटं सुखदुःखाचं बोलायचं. कोणाला दिवस गेलेत, कोणाची सासू खाष्ट आहे, सगळं एकमेकींना तोंडपाठ. पुढे यंत्रं आली, हाताने फोन जोडायचे बोर्ड बंद पडले आणि त्या आवाजांचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही.

धाकटीने दुसऱ्याच दिवशी निवृत्तांच्या संघटनेचं ऑफिस गाठलं. तिथल्या कारकुनाने कपाटामागून एक यादी काढून दिली, निवृत्तीनंतर याच शहरात आलेल्या जुन्या ऑपरेटरणींच्या त्रेसष्ट नावांची. पुढचे तीन आठवडे ती रोज कॉलेजातून आल्यावर खाटेवर मांडी घालून फोन करत बसली. काही नंबर बंदच होते. काही ठिकाणी सून म्हणायची, “त्या गेल्या, चार वर्षं झाली.” एका मुलाने सांगितलं, “आई आता कोणाला ओळखत नाही, पण घंटी वाजली की अजून ‘बोला’ म्हणते.” आणि ज्या भेटल्या, त्या बोलतच राहिल्या. दोन वर्षांत धाकटी कोणाशी इतकं बोलली नव्हती. नाही म्हणजे, बोलायच्या त्या. ही हुंकार द्यायची.

मावशी धरून बेचाळीस जणींनी होकार दिला. तिने वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल ठरवला. शनिवार-रविवारी तो दुसऱ्यांनी आधीच घेतला होता, म्हणून बुधवार घेतला, दुपारी तीन ते सहा. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक केलं. प्रत्येकीच्या नावाची पट्टी छापून घेतली. आराखडा सरांकडे नेला, तेव्हा त्यांनी पेन्सिलीने फक्त दोनच शब्द लिहिले: ‘बुधवार का?’ तिने त्याखाली लिहिलं, ‘हॉल रिकामा आहे.’ आपण चोख उत्तर दिलं असं तिला वाटलं.

बुधवारी तीन वाजता हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या, आठ-आठच्या रांगा आणि मागे चार जादा. मावशी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सव्वातीनला पाच जणी आल्या. साडेतीनला आणखी चार. पावणेचारला मोजलं तर मावशी धरून तेरा. धाकटी दाराशी उभी होती. जिन्यावर पाऊल वाजलं की ती ताठ व्हायची. एकदा वाचनालयाचा शिपाई आला, एकदा पेपर वाचायला आलेले एक गृहस्थ चुकून वर आले. त्यांनाही तिने हसून नमस्कार केला.

शेवटी तिने कार्यक्रम सुरू केला. स्वागताचे चार शब्द बोलली. साठ खुर्च्यांत तेरा डोकी, तीही विखुरलेली, त्यामुळे तिचाच आवाज तिच्याकडे परत येत होता. बायका एकमेकींच्या छातीवरची पट्टी वाचायच्या, ओठ हलवून नाव पुटपुटायच्या आणि ओळखीचं काही न सापडल्यासारख्या पुढे बघायच्या. एकीने शेजारणीला विचारलं, “तुम्ही हिशेब खात्यात होता का?” शेजारीण म्हणाली, “छे हो.” बोलणं तिथेच संपलं. मावशी मान वळवूनही बघत नव्हत्या. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली तिला मागून दिसत होती.

वेळापत्रकात पुढे ओळख होती, अर्धा तास. ती पाच मिनिटांतच उरकली. तिने चहा आधीच आणायला सांगितला. चहावाल्या बाईंनी ट्रे पुढे केला तेव्हा मागच्या रांगेतली एक ठेंगणी, चष्मेवाली बाई म्हणाली, “मला बिनसाखरेचा हवा. थांबा, लाइन धरा, चमचा कुठे ठेवला मी?”

मावशींचा कप बशीवर वाजला. त्या मागे वळल्या नाहीत. समोरच्या रिकाम्या स्टेजकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बंदर?”



“कोण गं?” मागून आवाज आला. “जंक्शन? तू आहेस होय. मघापासून समोर बसलीस आणि मी म्हणतेय, ही कोण पाठमोरी मास्तरीण.”

मग जे झालं ते कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं. “पट्ट्या काढा आणि भिंतीकडे तोंड करा पाहू सगळ्या,” मावशींनी फर्मान सोडलं. तेरा म्हाताऱ्यांनी खुर्च्या ओढल्या, भिंतीकडे फिरवल्या आणि एकेक जण आपलं गाव सांगत बोलायला लागली. तिकडून लगेच ओळख निघायची, “अगो, तुझा तो दमेकरी नवरा,” नाहीतर “तूच ना ती, पहिली घंटी कधीच न उचलणारी?” शिपाई दाराशी येऊन बघत राहिला. धाकटीने त्याला हाताशी धरून रिकाम्या रांगा आवाज न करता उचलल्या आणि भिंतीशी लावल्या. मधे मोकळी जागा झाली. थोड्या वेळाने बायकांनी खुर्च्या फिरवून गोल केला. त्या गोलात तेराच खुर्च्या होत्या आणि मोजून बरोबर होत्या.

ती पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली. शिकलेली जागा तीच होती.

तिथून तिला ऐकू आलं, मावशी बंदरवालीला सांगत होत्या, “माझे वडील गेले तो फोन मीच घेतला होता. तुझ्याकडूनच आला. बोर्डावर बसल्या बसल्या कळलं मला. नंतर तू लाइन तोडली नाहीस, काहीतरी बोलत राहिलीस. काय म्हणाली होतीस, आठवतंय?”

बंदरवालीने बराच वेळ आठवून पाहिलं. “नाही गं,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू. तेव्हा रोज कोणी ना कोणी रडायचं लाइनीवर.”

मावशींचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. “मलाही शब्द नाही आठवत,” त्या म्हणाल्या. “आवाज आठवतो.”

सहा वाजले तरी कोणी उठेना. शेवटी मावशी म्हणाल्या, “चला घरी, उरलेलं तिथे बोलू.” सात जणी निघाल्या. जिना उतरताना मावशी धाकटीकडे वळून म्हणाल्या, “तू आवरून ये हं मागून. छान केलंस.” दोन टॅक्सी भरून त्या गेल्या.

धाकटीने साठ खुर्च्या रचल्या. नावांच्या पट्ट्या गोळा केल्या. न आलेल्यांच्या एकोणतीस पट्ट्यांचा गठ्ठा तिच्या हातात बराच वेळ राहिला. घरी पोहोचली तेव्हा पुढच्या खोलीत हसणं चाललं होतं. तिने आत डोकावलं, सगळ्यांना पाणी दिलं, एकीने “गुणाची आहे हो पोरगी” म्हटलं आणि बोलणं परत चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा साहेबावर गेलं. बसायला जागा नव्हती. ती मागच्या खोलीत गेली. आईला फोन केला. आईने विचारलं, “जेवलीस का?” तिने सांगितलं, “हो.” कार्यक्रमाचं सांगायला गेली तर आई म्हणाली, “थांब, थोरलीचा फोन येतोय मधे.”

तोंडी परीक्षेला सरांनी तिचा अहवाल चाळला. “चाळीसच्या जागी तेरा,” ते म्हणाले. “निकष पुरा होत नाही. मार्क कापावे लागतील.”

“हो सर.”

“कार्यक्रम मात्र झाला. मी वाचनालयाच्या शिपायाला विचारलं.” त्यांनी चष्मा काढला. “बाकीच्या एकोणतीस जणी का आल्या नाहीत?”

तिने न आलेल्यांची यादी त्यांच्यापुढे सरकवली.

“विचारलंस त्यांना?”

“नाही.”

“विचार. मग अहवाल पुरा कर.”

ती खोलीवर आली. पुढच्या खोलीत मावशी फोनवर होत्या. आता रोज दुपारी त्या बंदरवालीशी बोलत, दार लोटून. धाकटीने यादी काढली आणि पहिल्यापासून फोन लावायला घेतला. उत्तरं बहुतेक सारखीच आली. मुलाला बुधवारी सुट्टी नव्हती. सून कामावर जाते, आणणार कोण? जिना चढायचा म्हणे, धरायला माणूस हवं. एकेक ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, आपण बेचाळीस बायकांना बोलावलं, पण त्यांना आणणाऱ्या बेचाळीस माणसांचा विचारच केला नाही. सरांचे ते दोन शब्द आता तिला वाचता आले. तिने ते अहवालात स्वच्छ लिहिलं, चूक माझी म्हणून.

अठराव्या नंबरावर एक बारीक, थकलेला आवाज आला. “साडी नेसून बसले होते गं मी,” ती बाई म्हणाली. “मुलगा म्हणाला येतो, आणि त्याला मीटिंग निघाली. कसा झाला कार्यक्रम?”

“छान झाला, आजी.”

“असं नको. नीट सांग. जिन्यापासून सांग.”

धाकटीने पेन खाली ठेवलं. पाय वर घेऊन भिंतीला टेकली आणि सांगायला लागली. पहिल्या पाच जणी कशा आल्या, पट्ट्या कशा फसल्या, चमचा कसा हरवला. मधे मधे पलीकडून “हं” यायचं. ती कितीतरी वेळ बोलली. तिचा घसा कोरडा पडला. आपला आवाज इतका वेळ आपल्याच कानावर पडतोय याचं तिला नवल वाटलं.

“आणि तू कुठे बसली होतीस?” आजींनी विचारलं.

“मी दाराशी उभी होते.”

“तीन तास?”

“हो.”

“घरी कोण कोण असतं गं तुझ्या?” आजींनी विचारलं, आणि धाकटी सांगू लागली.