धुतलेला पंप

वैद्यकीय यंत्रे बनवणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेत तंत्रसचिव म्हणून त्याची एकवीस वर्षे गेली होती. सरकारपुढे मसुदे मांडायचे, सभासदांना नियम समजावून द्यायचे, आणि ज्यांना स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही अशा लहान कारखानदारांची यंत्रे सामाईक प्रयोगशाळेत तपासून द्यायची, हे त्याचे काम. अर्धा उद्योग आपल्या टेबलावर उभा आहे असे तो मानी. ते फारसे खोटेही नव्हते.

त्याच टेबलावर ताईने प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत औषधाचा पंप होता. दाजींच्या हृदयाला आधार देणारे औषध तो साखरपाण्यातून थेंबथेंब शिरेत सोडत असे. महिन्यापूर्वी दुपारी नळी पिळली जाऊन औषध थांबले, आणि ताई स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत दाजी गेलेले होते.

"कंपनीचा माणूस म्हणतो, नळी अडली की पंप बोंबलतोच. म्हणजे मीच बटण दाबून गप्प केला असणार. सासूबाईंनी तर तेच धरून ठेवलंय." ताईने पिशवी पुढे सरकवली. "मी दाबलं नाही रे. पण हल्ली रोज थोडं थोडं दाबल्याचं आठवायला लागलंय."

"कंपनीने परत मागितला नाही?"

"मागितला. म्हटलं, आधी भावाला दाखवते. एवढा साहेब झालायस, कधीतरी घरच्यांच्या उपयोगी पड."

परत आलेले यंत्र आधी जंतुनाशकाने धुवावे, मगच तपासावे, हे नियमावलीतले सातवे कलम त्यानेच लिहिले होते. रक्त लागलेल्या यंत्रामुळे प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंना कावीळ झाली, तेव्हापासून. याच पंपाबद्दल 'वाजला नाही' अशा एकेचाळीस तक्रारी आल्या होत्या. एकेचाळीसही अर्जांवर त्याच्या सहीने शेरा होता : दोष आढळला नाही.

मदतनीस बाई जेवायला गेल्या होत्या. त्याने पहिल्यांदाच कलम सात बाजूला ठेवले आणि पंप होता तसा सुरू करून नळीला चिमटा लावला. एक मिनिट झाले. पाच झाली. पंप गप्पच. झाकण उघडले, तर नळीतला दाब ओळखणाऱ्या खिळीभोवती पाझरलेल्या औषधाचे साखरट कवच धरले होते आणि खिळी जागची हलत नव्हती. धुतलेल्या एकेचाळीस पंपांत काय सापडणार होते? साखर पाण्यात विरघळते हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

मग त्याने तेच केले जे शिक्षणाने त्याच्या हाडीमाशी खिळले होते. एकच निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. कारण दूर करून परिणाम नाहीसा होतो का, ते पाहावे. त्याने पंप टबात घालून धुतला, वाळवला, पुन्हा चिमटा लावला. नवव्या सेकंदाला पंप किंचाळला.

सिद्धता पूर्ण झाली होती. क्षणभर त्याला चक्क आनंद झाला. मग त्याची नजर टबातल्या पाण्यावर गेली.

संघटनेचे अध्यक्ष स्वतः एका लहान कारखान्याचे मालक. माणूस वाईट नव्हता. त्याने लिहून नेलेला कागद त्यांनी दोनदा वाचला.

"साक्षीदार?"

"कोणी नव्हतं."

"फोटो?"

"नाही काढला."

"तपासणारा मृताचा मेहुणा. तपासणी नियम मोडून. आणि पुरावा गटारात." त्यांनी चष्मा काढला. "बाबा रे, हा कागद दुसऱ्या कोणी आणला असता, तर तू काय शेरा मारला असतास?"

त्याने कागद परत घेतला.

"कलम बदलू. पुढचा पंप न धुता तपासू."

पुढचा पंप अशाच कुणाच्या तरी घरातून येणार, हे दोघांनाही ठाऊक होते. ताईच्या, म्हणजे बेचाळिसाव्या अर्जावर त्याने तोच शेरा मारून सही केली.

संध्याकाळी पंप परत द्यायला तो ताईकडे गेला. "तू बटण दाबलं नव्हतंस. तो वाजलाच नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग ते लिहिलेलं दे. सासूबाईंना दाखवते."

त्याने शेऱ्याचा कागद दिला. तिने तो वाचला. साक्षीदार, नियम, एकच निरीक्षण असे तो समजावू लागला. अध्यक्षांचेच शब्द आपल्या तोंडून येत आहेत हे त्याच्या लक्षात येत होते. ताईने ऐकून घेतले. मग पंप सुरू केला आणि नळी बोटांत पिळून धरली.

नवव्या सेकंदाला घरभर आवाज घुमला.

"असा वाजतो होय," ताई म्हणाली. "मी पहिल्यांदाच ऐकतेय."

आतल्या खोलीच्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"वाजतोय की," त्या म्हणाल्या.