गाडीचं तोंड

"गाडीचं तोंड आत कसं?"

मुकादमाने विचारलं तेव्हा तो धापा टाकत होता. त्याच्या मागे वणवा विझवणारी तुकडी ओळीने उतारावरून येत होती. कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या फावडं, कुणाच्या दाताळं. पातं खाली, उताराच्या बाजूला, आणि दोघांमध्ये भरपूर अंतर. जिवावर बेतलं तरी ही शिस्त कुणी मोडत नसे. गाडीचीही एक शिस्त होती. जंगलात ती परतीच्या वाटेकडे तोंड करूनच उभी करायची, म्हणजे पळायची वेळ आली तर नुसतं बसायचं आणि निघायचं. आज ती मोडली होती, आणि मोडणारा होता ती सगळ्यांच्या गळी उतरवणारा ड्रायव्हरच.

त्याला सगळे मामा म्हणत. खरं तर तुकडीतल्या एकाच मुलीचा तो मामा. पण तिचं ऐकून बाकीच्यांनीही त्याला मामा करून टाकलं होतं.

"सकाळी राहून गेलं," मामा म्हणाला.

"राहून कसं जातं? वारा फिरलाय. दिवसभर खरवडून काढलेला पट्टा आगीने ओलांडलाय. आता ती खालच्या वळणाकडे निघालीय. तिच्याआधी आपण तिथून सुटायला हवं."

राहून वगैरे काही गेलं नव्हतं. सकाळी भाची गाडीमागे उभी राहून हात दाखवायला थांबली होती. "तू जा, मी लावतो," म्हणून मामानेच तिला पिटाळलं. मग एकट्याने गाडी मागे घेऊन पाहिली. रस्ता अरुंद, एका अंगाला कडा. मागच्या चाकाखालून एक धोंडा सुटला आणि बराच वेळ खाली गडगडत राहिला. मामाने गाडी होती तिथे आणून उभी केली आणि घाम पुसला.

हिवाळ्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. समोरचं दिसेल, कडेचं जात राहील. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते औषधाच्या थेंबांनी सांभाळायचं. समोरच्या रस्त्यावर तर मामाची गाडी पूर्वीसारखीच धावत होती. मग सांगायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. ड्रायव्हरकी गेली की उरतो तो घरात सुनेच्या पायात येणारा म्हातारा, असं त्याचं ठाम मत होतं. सून बिचारी चांगली होती, पण मत मत असतं.

"अवजारं टाका आत आणि बसा पटापट," मुकादम म्हणाला.

"आत नाही. पेटीत," मामा म्हणाला. "माणसांत कुऱ्हाड नको."

ते खरंच होतं. गाडी खड्ड्यात आदळली की सुटं फावडं माणूस ओळखत नाही. पण आज मामाला त्या खरेपणाचा आडोसाही हवा होता. पेटी भरेपर्यंत गाडी मागे घेणं टळत होतं. तो प्रत्येक पात्यावर खोळ चढली का ते चाचपत राहिला. वरच्या अंगाला ओली झाडं तडकू लागली. शेवटी पेटीची कडी लावताना त्याचा हात दोनदा नुसत्या पत्र्यावर पडला. कडी जागच्या जागी होती.

भाचीने ते पाहिलं. "मामा, वेळ काढू नकोस," ती हळूच म्हणाली. "चल, मी मागे उभी राहते."

कड्यावर गाडी वळवायची म्हणून सगळे बाहेरच थांबले. मामा वर चढला, इंजिन सुरू केलं आणि आरशात पाहिलं. धूर दिसला. मान जरा फिरवली, तेव्हा एक झाड दिसलं. आणखी फिरवली, पुन्हा धूर. भाची नाही. हात दाखवणारा दिसेनासा झाला की गाडी जागीच थांबवायची, हेही त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. तरी त्याने क्लच सोडला. गाडी मागे सरकली, आणि पाठीमागच्या पत्र्यावर हाताचे दणके बसले.

"थांब, थांब," भाची ओरडत होती.

मामाने ब्रेक दाबला. भाची पळत खिडकीशी आली. तिचं तोंड काजळलेलं, डोळे लाल.

"मी दिसत नव्हते का? धुरामुळे?"

धुरामुळे, एवढंच म्हणायचं होतं. धूर होताच, कुणी पुरावा मागितला नसता. अंदाजाने आणखी एकदा गाडी मागे घेतली असती, तर कदाचित वळलीही असती. मामाने समोर पाहिलं. काचेतून मुकादम दिसत होता, अगदी स्वच्छ.

"धुरामुळे नाही गं. कडेचं दिसत नाही मला. हिवाळ्यापासून. तू ये इथे."

भाचीकडे मोठ्या गाडीचं लायसन्स होतं. इतके दिवस "अजून हात बसू दे," म्हणून मामाच तिला टोलवत आला होता. मामा उतरला, ती चढली. मुकादम मागे जाऊन उभा राहिला. तिने गाडी दोनदा मागे, दोनदा पुढे घेतली, तिसऱ्या खेपेला तोंड बाहेर आलं. सगळे आत घुसले.

वळणावर आग रस्त्याच्या काठाला टेकली होती. खिडकीची काच हात लावता येणार नाही इतकी तापली. गाडी धुरात शिरली आणि पलीकडे निघाली. मग हळूहळू रस्ता दिसू लागला, रस्त्याकडेचे दगड दिसू लागले, कुणीतरी खोकलं.

मागच्या बाकावर मुकादम मामाच्या शेजारी होता.

"हिवाळ्यापासून," तो म्हणाला. "आणि आम्ही रोज तुमच्या मागे बसत होतो."

"हो."

"माझी मुलं लहान आहेत, मामा."

मामाने मान खाली घातली. शरमेने त्याला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. इतकी वर्षं ते हात स्टिअरिंगवर असत. मुकादमाने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचा राग गेला नव्हता, आणि जायचं काही कारणही नव्हतं.

पुढे उतार लागला. एकामागून एक वळणं येऊ लागली. वळण आलं की मामाचा उजवा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जाई आणि तिथे ठेवलेल्या मुकादमाच्या हेल्मेटवर आपटे. तो पाय मागे घेई; पुढचं वळण आलं की पुन्हा तेच.

मुकादमाने खिडकीतून नजर न काढता हात खाली घातला आणि हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं.