ठिपका जिथे, चौकट तिथे

“म्हणजे वीस टनांचा टँकर भाताच्या शेतात पोहत होता का, सर?” रोहिणीने कागद प्रमोदच्या चहाशेजारी आपटला.

“आवाज खाली. ठिपका शेतात आहे ना? मग गाडी शेतात.”

प्रमोद पुण्याचा. ऑफिसचा परीक्षक. आवाज न चढवता माणसाला खाली बसवण्यात त्याचा हातखंडा. डोकमर्डीतल्या या ऑफिसात उपग्रहावरच्या रडारने टिपलेली चित्रं येत: करडी जमीन, पांढरे ठिपके म्हणजे गाड्या. बारा जणी ठिपक्यांवर चौकटी टाकत. भिंतीवर नियम डकवलेला: ठिपका जिथे, चौकट तिथे. रोहिणी चार वर्षं रोज सातशे चौकटी टाकत आली होती. स्वतःच्या लग्नाचे फोटोही तिने इतके निरखून पाहिले नव्हते.

या चित्रांची खोड तिला पहिल्याच आठवड्यात कळली होती. उभी गाडी जागच्या जागी दिसते. धावती मात्र रडारला चकवते. रस्ता सोडून चार-पाचशे मीटर बाजूला, कुणाच्या तरी शेतात नाहीतर छपरावर उमटते. मग फॉर्मवर ‘चालती’ निवडायचं आणि तिला ओढून रस्त्यावर आणायचं. त्याला दोन मिनिटं लागतात. फॉर्मवर खूण मात्र आधीपासूनच ‘उभी’वर असते, आणि सातशेचा आकडा कुणाला दोन मिनिटं देत नाही. त्या दिवशी सहाशे ऐंशीव्या ठिपक्याला रोहिणीने ती खूण तशीच राहू दिली.

रिपोर्ट गेला: सकाळी सहा दहा, खेरडीच्या शेतात टँकर उभा. रिपोर्ट मागवणाऱ्या नरोलीच्या कारखान्याने ताडलं, रसायनाचं पाणी शेतात ओतलं. गेटच्या वहीप्रमाणे त्या वेळी एकच टँकर बाहेर होता, सुकदेवचा. त्याचं जीपीएस चार महिने बंद. ते दुरुस्त करायला कुणाला वेळ नव्हता. माणूस काढायला एक सकाळ पुरली.

शिरपूरचा सुकदेव नरोलीच्या चाळीत रोहिणीच्या शेजारच्याच खोलीत राही. काल ओट्यावर बसून म्हणाला होता, “ताई, खेरडीला मी तं ब्रेकसुद्धा नाही मारला. साहेब म्हने, वरून फोटो आला. वरून म्हनजे देवानं काढला काय?”

“देवानं काढला असता तं खरा असता!” आतून त्याची बायको केसरबाई ओरडली.

रोहिणीला हसू आलं नाही. चौकट तिचीच होती.

“सर, शेत काळंभोर दिसतंय, म्हणजे पाण्यानं भरलंय. ठिपका बघा, पुसट, लांबट. उभ्या गाडीचा टाचणीच्या टोकासारखा येतो. गाडी पळत होती म्हणूनच शेतात दिसली. उभी असती तर रस्त्यावरच दिसली असती!”

“मला शिकवू नकोस. चूक कुणाची?”

“माझी. तपासलं कुणी?”

प्रमोदने चहाचा घोट घेतला. “रिपोर्ट गेलाय. आता बदल पाठवला तर क्लायंट मागचे सगळे उघडायला लावेल. एका ड्रायव्हरसाठी?”

“एकट्यालाच काढला ना त्यांनी? तेव्हा एकटा पुरला!”

ती जागेवर गेली आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चुकीसकट, दुरुस्ती पाठवून दिली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘नोंद घेतली.’ पुढे काहीच नाही.

त्याच संध्याकाळी तिने ओट्यावर सुकदेवला सगळं सांगितलं.

“म्हनजे मी पळत व्हतो म्हनून सापडलो?”

“हो.”

“थांबलो असतो तं वाचलो असतो.” तो हसला, ते हसू बघवत नव्हतं. “रस्त्यात कुठंच थांबायचं नाही, हा कंपनीचाच तं रूल व्हता, ताई.”

केसरबाई रोहिणीसाठी चहा घेऊन दारापर्यंत आली होती. ती तशीच मागे फिरली, कप घेऊन.

बारा दिवसांनी त्याच भागाचं चित्र आलं. नरोलीच्या कारखान्याच्या आवारात, सील लावून ठेवलेला सुकदेवचा टँकर. ठिपका टाचणीच्या टोकासारखा, नेमका जागेवर, जरासुद्धा सरकलेला नाही. फॉर्मवर खूण आधीपासूनच होती: उभी.

रोहिणी पूर्ण दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चौकट टाकली.